मैलाचा दगड, ताशी सत्तर

शुक्रवार, ३ नोव्हेंबर २००६

ठरलं. एक जानेवारीपासून डार्विन-आलिस हायवेला वेगमर्यादा – ताशी एकशे तीस किलोमीटर. दुपारी सार्जंट बक्स्टनबाईंनी फोनवर दुजोरा दिला. वर म्हणाल्या, "ऊना, मथळ्यात माझं नाव घालू नकोस. मला याच रस्त्यानं घरी जायचंय!"

आजवर गाव संपलं, पांढऱ्या गोलावरची काळी तिरकी रेघ – मर्यादा संपल्याची खूण – दिसली, की पुढे ज्याची त्याची अक्कल आणि ज्याचं त्याचं इंजिन. आता बोर्ड लागणार. साडेचारला पेपरला चारशे शब्द लिहून दिले.

मग बाबाला फोन केला. छापून येण्याआधी त्याला कळलं नाही तर तो मला जन्मभर ऐकवील. ऐकून घेतलं. मग – "हा रस्ता मी केलाय. डांबर ओतताना हे सरकारवाले शाळेत गणितात नापास होत होते." उद्यापासून सह्या गोळा करणार म्हणे. वेगमर्यादेविरुद्ध!

गंमत अशी की या अख्ख्या हायवेवर माझ्या बापाइतकं हळू कोणी चालवत नाही. ताशी सत्तर. रिकामा रस्ता, सपाट, पट्टीसारखा सरळ – आणि हा सत्तर. पूर्वी चांगला पळवायचा. सहा-सात वर्षांपूर्वी एकदम सुधारला. उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची! रोडट्रेनवाल्यांनी – तीन-तीन डबे ओढणारे ट्रकवाले – गाड्यांतल्या बोलायच्या रेडिओवर त्याचं नाव 'मैलाचा दगड' ठेवलंय. तो जाताना दिसत नाही, मागे पडताना दिसतो.

आणि हे गृहस्थ वेगाच्या स्वातंत्र्यासाठी लढणार.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

मेलबर्नची घोड्यांची शर्यत. त्यामुळे कामाचा दिवस असून नसल्यासारखा.

नोलाचा फोन. तिचा पेट्रोलपंप आणि खाणावळ बाबाच्या घरापासून एकसष्ट किलोमीटर उत्तरेला – त्याला तेवढंच शेजारपण. तिथं शर्यत संपल्यावर बाबानं खुर्चीवर उभं राहून भाषण ठोकलं. कोणीतरी विचारलं, "डार्सी, तुझ्या गाडीनं शंभर शेवटचं कधी पाहिलं?" बाबा म्हणाला, "गेल्या शतकात. पण पाहायचा हक्क आहे ना!" टाळ्या.

त्रेचाळीस सह्या झाल्या. त्यातली एक नोलाच्या कुत्र्याची आहे.

रविवार, १२ नोव्हेंबर

बाबाकडे गेले. बॅरन वेल म्हणजे एक विहीर, एक टाकी, एक पत्र्याचं घर आणि कलिंगडांचे चार वेल. बेचाळीस अंश. डबाबंद गोमांस, बीटच्या चकत्या, पाव. त्यानं चहा ओतला तो अर्धा कपाबाहेर. हात कापायला लागले वाटतं.

टेबलावर एक पत्र उघडं ठेवलेलं. मुद्दाम, मला दिसावं म्हणून – हा माणूस मदत मागत नाही, आपण अडखळू अशा जागी अडचण ठेवून देतो. वय त्र्याऐंशी झालं म्हणून परवाना कचेरीनं कळवलंय: दवाखान्याचा दाखला द्या आणि रस्त्यावरची परीक्षा द्या. तारीख अठरा डिसेंबर.

"पास होशील की," मी म्हटलं.

"आणि नाही झालो तर?"

नाही झाला तर इथं राहता येणार नाही. दूध, औषधं, माणसाचा आवाज – सगळं एकसष्ट किलोमीटरवर. मग माझ्याकडे यावं लागेल, गावात.

"गावात?" बाबा म्हणाला. "तिथं शेजारी असतात!"

हसलो दोघं. पण निघताना त्यानं गाडीच्या खिडकीवर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ उचलला नाही. "ऊना, इथून उठलो तर मी कोणीच नाही. तुझ्याकडे खुर्चीत बसलेला एक म्हातारा." हे तो हसत म्हणाला नाही.

पुढच्या खेपेला सराव करायचं ठरलं.

रविवार, २६ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी दहाला त्याच्या घरून नोलाकडे निघालो. तो चालवणार, मी शेजारी. सत्तरच्या वेगानं एकसष्ट किलोमीटर! पंधराव्या किलोमीटरला मला जांभई आली. "झोप हो," तो म्हणाला. "पोचलो की उठवतो. नाताळच्या सुमारास."

चालवण्यात मात्र खोट काढायला जागा नाही. पट्टा लावलेला, गॉगल, दोन्ही हात स्टिअरिंगवर. समोरून गाडी आली की उजव्या हाताची तर्जनी वर – इथली रीत. ओळख असो नसो, बोट उचलायचं. न उचलणारा एकतर दक्षिणेकडचा पाहुणा, नाहीतर जावई होण्याच्या लायकीचा नाही.

मग रेडिओवर मिखालिस. तीन डब्यांची रोडट्रेन, आलिसहून डार्विनला. डार्विनच्या ग्रीक वस्तीतला, त्यामुळे बोलतो म्हणजे अर्धं गातोच.

"मैलाचा दगड! मागून येतोय, तीन डबे. डावीकडे रहा आजोबा, हलू नका. तसे तुम्ही कुठे हलताय म्हणा."

"जा रे पुढे, बोकडा," बाबा.

पिकअप गदगदा हलली, धुरळा, आणि पन्नास मीटर लांबीचं ते धूड निघून गेलं. पाच मिनिटांनी पुन्हा आवाज – "पुलाच्या अलीकडे गुरं आहेत. पाच, डाव्या अंगाला. तुम्ही पोचेपर्यंत सात होतील!"

मी पोट धरून हसले. पुलापाशी बाबानं बरोबर वेग कमी केला. पाचच होती.

पुढे वारुळांचा पट्टा लागतो. माणसाएवढी लाल वारुळं, आणि येणारे-जाणारे त्यांना कपडे घालतात – जुने शर्ट, टोप्या, एकीला तर नाइटी. लाल शर्टवाल्या वारुळाला बाबानं बोट उचललं.

"वारुळाला सलाम?"

"शिष्टाचार आहे," तो म्हणाला.

नाइटीवालीला उचललं. टोपीवाल्याला उचललं. मला वाटलं, माझ्यासाठी नाटक चाललंय. मीही उचललं.

मग एक वारूळ होतं, त्याला कोणी खिशांचा शर्ट घातलेला, डोक्यावर टोपी, आणि छातीवर बिअरच्या बाटलीचं झाकण – बिल्ल्यासारखं. त्याच्यापाशी बाबानं वेग पन्नासवर आणला. पाठ ताठ केली. पट्टा चाचपला. बरंच पुढे गेल्यावर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला –

"पोलीस हल्ली रविवारीही उभे राहतात."

मी हसले. मग त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

सोमवार, २७ नोव्हेंबर

तो विनोद करत होता. बाबा विनोद करतोच.

नव्हता करत.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

दवाखान्याचा दाखला आला. 'डोळे: समाधानकारक.' नोलाला विचारलं, तपासलं कसं? फिरत्या दवाखान्याची गाडी दर महिन्याला तिच्या अंगणात लागते, तिथेच.

"अगं, तो अक्षरांचा तक्ता अकरा वर्षं तोच आहे," नोला म्हणाली. "इथं सगळ्यांना पाठ आहे. तुझा बाप तर शेवटच्या ओळीपासून उलटा म्हणतो. पाढे म्हणावेत तसा!"

तिला ही गंमत वाटली. महिनाभरापूर्वी मलाही वाटली असती, आणि मी त्यावर सदर लिहिलं असतं.

शुक्रवार, ८ डिसेंबर

बोर्डांचे खांब रोवायला सुरुवात झाली. फोटो काढले. परतताना पंपावर मिखालिस – मांस भरलेली पेस्ट्री, गार कॉफीचा खोका, टायरच्या सावलीत मांडी घालून जेवण. त्याच्याशेजारी बसले आणि कसलीही प्रस्तावना न करता विचारलं.

"बाबाला दिसत नाही ना?"

त्यानं घास नीट चावून संपवला. "तुला आत्ता कळलं? पेपरवाली ना तू?"

कधीपासून? पाच वर्षं तरी. कोणाकोणाला ठाऊक आहे? या रस्त्यावरच्या अकरा ड्रायव्हरांना. मागून येणारा सांगतो डावीकडे रहा. समोरून येणारा सांगतो किती अंतर आहे. गुरं, मेलेला कांगारू, त्यावर बसलेला गरुड, पाणी, पर्यटकांची घरगाडी – सगळं रेडिओवरून त्याच्या कानात. आणि मी शेजारी बसून हसत होते!

"मग सरळ का नाही सांगत? चिडवता कशाला?"

"सांगितलं की तो ऐकत नाही," मिखालिस म्हणाला. "चिडवलं की ऐकतो."

मी म्हटलं, एखाद्या दिवशी मूल आडवं आलं तर? रेडिओ नसलेली गाडी आली तर? त्यानं पेस्ट्रीचा कागद चौकोनी घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, "रोज सकाळी तोच विचार करतो. आणि रोज म्हणतो, आजचा दिवस जाऊ दे."

सह्यांचं कोडंही त्यानंच उलगडलं. बाबाचं गणित असं – बोर्ड आला की रडार येणार. रडारमागे पोलीस. एकशे तीसच्या रस्त्यावर पोलीस आधी थांबवणार कोणाला? सत्तरवाल्याला. ज्याला आम्ही वेगाचा वेडा समजून हसत होतो, त्याला फक्त कोणी आपल्याकडे बघायला नको होतं. गोगलगाय आणि पोटात पाय!

दोघांकडून खात्री झाली, एक मी स्वतः. छापण्याजोगी बातमी आहे. पण ही छापायची कुठे?

मंगळवार, १२ डिसेंबर

परीक्षेत आपोआप नापास होईल. मला काही करावं लागणार नाही.

(हे वाक्य लिहून दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसले. भित्री बाई.)

सोमवार, १८ डिसेंबर

पास!!

परीक्षक कॅरिस नावाची मुलगी – ॲडलेडहून येऊन तीन आठवडे झालेली, नाकाला अजून उन्हाचं मलम. परीक्षा नोलाच्या पंपापासून दक्षिणेला वीस किलोमीटर आणि परत. मी व्हरांड्यात बसले. नोलानं समोर ठेवलेले सॉसेज रोल तसेच राहिले.

पाऊण तासानं पिकअप आली. पंपाच्या दोन खांबांमध्ये बोटभर न चुकता उभी राहिली – ती जागा त्याला डोळे मिटूनही सापडते, म्हणजे तशीच सापडते. कॅरिस हसत उतरली.

"तुमचे वडील म्हणजे अगदी – काय सांगू! वारुळांनासुद्धा सलाम करतात! मला म्हणाले, रीत आहे. मग मीही केला. आणि रेडिओवरचे ते लोक! 'मैलाचा दगड, आज शेजारी पाहुणी आहे तर निदान पंचाहत्तर कर!' मला इतकं छान कोणी आणलं-नेलं नाही हो, इथं आल्यापासून."

चाळीसपैकी अडतीस गुण. दोन कापले. सारखा स्टिअरिंगवरून बोट उचलतो म्हणून.

बाबानं कागद माझ्या नाकासमोर नाचवला. पंपावरचे तीन ड्रायव्हर टाळ्या वाजवत होते. त्यांच्यात मिखालिस होता, तो वाजवत नव्हता.

मी म्हटलं, "अभिनंदन, बाबा." म्हटलं मी असं.

सोमवार, २५ डिसेंबर

बॅरन वेलला नाताळ. डार्विनहून मिखालिसनं बर्फात घालून पाठवलेल्या कोळंब्या, थंड हॅम, डबाबंद पीच. बाबाच्या डोक्यावर कागदी मुकुट. परवाना पुडिंगला टेकवून उभा केलेला, देवासारखा.

जेवण झाल्यावर बोलले. गोल गोल न फिरता.

"बाबा, डोळे किती राहिलेत?"

"सत्तरपुरते पुरतात."

"तू वारुळाला पोलीस समजलास."

"त्याच्याकडे बिल्ला होता!"

मला हसू फुटलं, त्यालाही. हेच तर अवघड आहे या माणसाचं. मग मुकुट काढून त्यानं त्याची घडी घातली. म्हणाला, त्याच्या आईचे डोळे असेच गेले, कडेकडेनं अंधार होत. शेवटची नऊ वर्षं ती खुर्चीत होती, भिंतीकडे तोंड करून. "तेच चाललंय. नाव ठाऊक असलेल्या दुखण्याला डॉक्टर कशाला दाखवायचा? तो म्हणणार, किल्ल्या दे. किल्ल्या मी स्वतःच देईन, वेळ आली की."

"वेळ आलीय."

"तू सांगणार?"

"तू नाही सांगितलंस तर, हो."

"मग पुन्हा माझ्या घरी जेवायचं नाही." उठला. आत गेला. भांडी आपटली.

मी गाडीत बसले तर पाय ओढत आला. खिडकीतून फॉइलमध्ये बांधलेला केकचा तुकडा टाकला मांडीवर – थेट मांडीवर नाही, गियरवर पडला. "वाटेत भूक लागते," म्हणाला. माझ्या डाव्या कानाकडे बघत.

गुरुवार, २८ डिसेंबर

आठवडाभर मुदत देते त्याला, स्वतः सांगायला. अंक लवकर जायचा आहे.

सोमवार, १ जानेवारी २००७

लागू झाली. सुट्टीच्या दिवशीही काम – सकाळभर बक्स्टनबाईंबरोबर रस्त्याकडेला, छत्री आणि पाण्याचा डबा घेऊन. नऊ जणांना थांबवलं, ताकीद देऊन सोडलं. सर्वांत जोरातला एकशे अठ्ठ्याऐंशी. "बाई, काल याच वेळी हे कायदेशीर होतं," तो म्हणाला. "काल याच वेळी मी पण झोपले होते," बक्स्टनबाई म्हणाल्या. चांगलं वाक्य. घेतलं.

मग साडेअकराला त्या म्हणाल्या, "आणि हे बघ, चांगलंही लिही काहीतरी. मघाशी तू गाडीत नोंदी लिहीत होतीस तेव्हा दक्षिणेकडून एक म्हातारबाबा गेले, जुनी पांढरी पिकअप. सत्तर! दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला बोट उचलून सलाम केला. अशा माणसावर लिही की. फोटो घे. 'आदर्श चालक.'"

मला वाटतं, त्या क्षणी मी छत्रीच्या काड्या मोजत होते. आठ काड्या.

म्हटलं, "तो माझा बाप आहे. त्यानं सलाम तुम्हाला केला की खांबाला, ते त्याला ठाऊक नाही. त्याला दिसत नाही, बाई."

त्यांनी रडार बंद केला. नोंदवही काढली नाही. "पुन्हा सांग," म्हणाल्या. "सावकाश."

सांगितलं. तारखा, तक्ता, वारूळ. अकरा जणांचं तेवढं सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच अर्धी बातमी दिली.

गुरुवार, ४ जानेवारी

परवाना स्थगित. डोळ्यांच्या डॉक्टरचा अहवाल येईपर्यंत. बक्स्टनबाई स्वतः बॅरन वेलला जाऊन किल्ल्या घेऊन आल्या. म्हणाल्या, त्यानं कलिंगड कापून दिलं.

माझा फोन उचलत नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

उचलत नाही. नोला दूध आणि पाव पाठवतेय – दर दोन दिवसांनी, ज्या रोडट्रेनचा पहिला नंबर लागेल तिच्याकडून.

मिखालिसनं रेडिओवर साद घातली म्हणे, "मैलाचा दगड, ऐकताय का?" पत्र्याच्या घरातून उत्तर आलं – "मैल गेला. दगड आहे."

हे मला सांगताना मिखालिस हसला नाही. म्हणाला, "तू बरोबर केलंस. पण मला अजून महिनाभर तुझ्याशी नीट बोलता यायचं नाही." म्हटलं, ठीक आहे.

बुधवार, १७ जानेवारी

मिखालिस त्याला आलिसला घेऊन गेला, साडेतीनशे किलोमीटर, ट्रकच्या उंच सीटवर. मी येऊ का विचारलं. निरोप आला – "गाडीत जागा नाही." तीन डब्यांच्या गाडीत!

नोला सांगत होती, मिखालिस घरी न्यायला गेला तेव्हा बाबानं स्वच्छ धुतलेला शर्ट घातलेला. शिक्षा ऐकायला निघालेला माणूस घालतो तसा.

शुक्रवार, १९ जानेवारी

मोतीबिंदू.

दोन्ही डोळ्यांत, पिकलेला – आणि फक्त मोतीबिंदू! डॉक्टरांनी स्वतः फोनवर सांगितलं. मी दोनदा विचारलं. आजीचं दुखणं वेगळं, याच्यात त्याचा मागमूस नाही. हा काढता येतो.

पाच मिनिटांनी बाबाचा फोन. पंचवीस दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला, म्हणजे ओरडला –

"ऊना! सहा वर्षं मी फुकट हळू चालवली!"

ऑपरेशनची तारीख मिळाली – गुरुवार, २२ मार्च, सकाळी साडेआठ. आधी उजवा डोळा.